लिनक्सवर सॉफ्टवेअर बसवताना : नसलेल्या अवजाराचे काय करावे?

लिनक्सवर एखादे सॉफ्टवेअर बसवण्याची आज्ञा दिली की पडद्यावरून ओळी भराभर सरकू लागतात. पॅकेज उतरवून घेतले जाते, उलगडले जाते आणि शेवटी ‘सेटिंग अप’ या शब्दांनी सुरू होणारी एक ओळ उमटते. तोपर्यंत वापरकर्त्याचे लक्ष बहुधा दुसरीकडे गेलेले असते. वास्तविक सगळ्या प्रक्रियेतील सर्वांत नाजूक भाग या ओळीमागेच चाललेला असतो. फाइली आपापल्या जागी पोहोचलेल्या असतात आणि पॅकेजसोबत आलेली एक लहानशी स्क्रिप्ट ‘रूट’ या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने चालू होते. संगणकावर काहीही करण्याची मुभा तिला असते.

ही स्क्रिप्ट स्वतः फारसे काही करीत नाही. ती इतरांकडून कामे करवून घेते. नवा फॉन्ट आला असेल तर फॉन्टची सूची ताजी करणाऱ्या युटिलिटीला हाक मारते, नवी सेवा आली असेल तर सेवा चालवणाऱ्या यंत्रणेला तसे कळवते, एखाद्या प्रोग्रामला विशेष अधिकार हवे असतील तर ते देणाऱ्या आज्ञेला बोलावते. पण ज्याला हाक मारायची तो घरात आहे, याची खात्री कोणी द्यायची? लिनक्सची एकच एक ठरीव मांडणी नाही. कुणाच्या टेबलावरील संगणकावर दोन-अडीच हजार पॅकेजे असतात, तर कुणाच्या सर्व्हरवर जेमतेम शे-दोनशे. अशा वेळी हाताशी नसलेल्या अवजाराचे काय करावे, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. त्याच्या उत्तरावर मात्र संगणकाच्या सुरक्षिततेपासून सर्व्हर सुरू राहण्यापर्यंत बरेच काही अवलंबून असते.

पॅकेजच्या पोटात

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये जाहीर केलेला डेबियन प्रकल्प आणि त्यातून निघालेले उबंटू ‘डेब’ प्रकारची पॅकेजे वापरतात. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवर उभी असल्याने तिच्या पॅकेजांची घडण हीच. डेब पॅकेज म्हणजे एक गाठोडे असते. त्याच्या एका कप्प्यात प्रत्यक्ष फाइली, तर दुसऱ्यात पॅकेजची माहिती आणि चारपर्यंत स्क्रिप्ट्स असतात : बसवण्यापूर्वीची ‘प्रीइन्स्ट’, बसवल्यानंतरची ‘पोस्टइन्स्ट’, काढण्यापूर्वीची ‘प्रीआरएम’ आणि काढल्यानंतरची ‘पोस्टआरएम’. रेड हॅट, फेडोरा या घराण्यात ‘आरपीएम’ पॅकेजे चालतात. तेथेही अशाच स्क्रिप्ट्स असतात. नावे तेवढी वेगळी.

दोन घराण्यांतला खरा फरक स्क्रिप्ट फसल्यावर दिसतो. स्क्रिप्ट संपताना एक आकडा मागे ठेवते. त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम फत्ते, इतर काहीही म्हणजे बिघाड. डेबियनमध्ये पोस्टइन्स्टने शून्याखेरीज काही दिले, तर पॅकेज ‘हाफ-कॉन्फिगर्ड’ म्हणजे अर्धवट सज्ज अशा अवस्थेत लटकते. त्यावर विसंबून असलेली इतर पॅकेजेही मग सज्ज होत नाहीत, आणि पुढे प्रत्येक वेळी काहीही बसवायला गेले की तीच चूक पुन्हा पडद्यावर येते. आरपीएमच्या जगात याउलट चित्र आहे. बसवल्यानंतरची स्क्रिप्ट फसली तरी पॅकेज बसलेलेच राहते. एक इशारा छापला जातो, इतकेच. पूर्वी अशा फसगतीमुळे अद्ययावत करताना जुनी आवृत्ती निघत नसे आणि एकाच पॅकेजच्या दोन नोंदी शिल्लक राहत. म्हणूनच प्रत्येक स्क्रिप्टने शेवटी शून्यच परत केले पाहिजे, असा दंडक फेडोराच्या नियमावलीत आहे.

डेबियनच्या स्क्रिप्ट्सच्या सुरुवातीला सहसा ‘सेट -ई’ ही ओळ असते. तिचा अर्थ असा, की कोणतीही आज्ञा फसली तर तेथेच थांबावे. अस्तित्वात नसलेली आज्ञा दिल्यास शेल १२७ हा एक्झिट कोड देते, म्हणजे तीही फसलीच. यातून विचित्र प्रसंग उभा राहू शकतो. डेटाबेस सर्व्हरसारखे महत्त्वाचे पॅकेज केवळ त्याच्या चिन्हाची सूची ताजी करणारी युटिलिटी नाही म्हणून अर्धवट अवस्थेत पडून राहील. ज्या यंत्राला पडदाच नाही, त्याला चिन्ह हवे कशाला?

मग प्रत्येक लागणारी युटिलिटी ‘आवश्यक’ म्हणून जाहीर का करू नये? तशी सोय आहे. डेबियनच्या पॅकेजला आपले नाते तीन पायऱ्यांवर सांगता येते. ‘डिपेंड्स’ म्हणजे याविना चालणार नाही, ‘रेकमेंड्स’ म्हणजे असावे हे बरे, आणि ‘सजेस्ट्स’ म्हणजे असल्यास उपयोगी. परंतु सगळेच पहिल्या पायरीवर टाकले, तर एका छोट्या प्रोग्रामबरोबर पन्नास नको असलेली पॅकेजे येतात. डॉकरसारख्या कंटेनरच्या प्रतिमा लहान ठेवण्यासाठी लोक ‘रेकमेंड्स’ची पायरी मुद्दाम वगळतात. त्यामुळे काही युटिलिटी ऐच्छिकच राहणार, हे गृहीत धरूनच स्क्रिप्ट लिहावी लागते.

फॉन्ट आणि ‘पिंग’

ऐच्छिक अवजारे सगळी एका जातीची नसतात. ही गोष्ट ध्यानात न घेतल्याने पुष्कळ स्क्रिप्ट्स चुकतात.

सोपे उदाहरण मराठी वाचकांच्या जवळचे आहे. लिनक्सवर देवनागरी मजकूर दाखवण्यासाठी अनेक वर्षे वापरात असलेल्या ‘लोहित’ फॉन्टची पॅकेजे डेबियन आणि फेडोरा या दोहोंत मिळतात. फॉन्ट बसला की ‘एफसी-कॅश’ ही युटिलिटी चालवून फॉन्टची सूची नव्याने बांधायची असते. फेडोराच्या फॉन्ट पॅकेजांतील जुनी स्क्रिप्ट दोन-तीन ओळींची होती : एफसी-कॅश उपलब्ध असेल तर चालव, नसेल तर पुढे जा. येथे गप्प बसून पुढे जाणे अगदी योग्य ठरते. कारण सूची शिळी असल्याचे फॉन्ट वापरणाऱ्या प्रोग्रामांना स्वतःच कळते आणि ते ती त्या वेळी बांधून घेतात. पहिल्यांदा प्रोग्राम उघडायला थोडा वेळ लागेल. अक्षरे मात्र दिसतील. शिवाय एफसी-कॅश नाही याचा अर्थ फॉन्ट वापरणारी यंत्रणाच बहुधा त्या संगणकावर नाही. पुढे ती बसवली, तर बसतानाच ती सर्व फॉन्टची सूची करून घेते. मागे काहीच उरत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण ‘पिंग’चे. दूरचा संगणक जागा आहे की नाही, हे पाहण्यासाठी पिंग वापरले नाही असा नेटवर्क सांभाळणारा माणूस सापडणे कठीण. हा प्रोग्राम जी पॅकेट पाठवतो ती तयार करण्यासाठी परंपरेने रूटचे अधिकार लागत. सामान्य वापरकर्त्यालाही पिंग वापरता यावे यासाठी युनिक्सच्या काळापासूनचा उपाय म्हणजे ‘सेटयूआयडी’. फाइलवर ही खूण केली की ती कोणीही चालवली तरी प्रोग्राम मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालतो. घराचा नळ दुरुस्त करायला आलेल्याला सगळ्या घराच्या किल्ल्या देण्यासारखाच हा प्रकार. त्या प्रोग्राममध्ये एखादी त्रुटी निघाली, तर ती थेट रूटपर्यंत नेणारी वाट ठरू शकते. जानेवारी २०२२ मध्ये ‘पीकेएक्झेक’ या सेटयूआयडी प्रोग्राममध्ये नेमके हेच आढळले. २००९ पासून दडून राहिलेली त्यातील त्रुटी वापरून कोणताही स्थानिक वापरकर्ता रूट होऊ शकत होता. दुरुस्ती येईपर्यंत सुचवलेला तात्पुरता उपाय म्हणजे ती सेटयूआयडी खूण काढून टाकणे.

लिनक्सने यावर तोडगा काढला तो ‘केपेबिलिटी’चा. रूटच्या सर्वाधिकाराचे तुकडे करून हवा तेवढाच तुकडा प्रोग्रामला द्यायचा. पिंगला कच्ची पॅकेट पाठवण्याचा एक अधिकार पुरतो. तो फाइलला चिकटवण्याचे काम ‘सेटकॅप’ ही युटिलिटी करते. अडचण अशी, की डेब पॅकेजच्या गाठोड्यात फाइलसोबत हा अधिकार बांधून पाठवता येत नाही. (आरपीएममध्ये ती सोय आहे, आणि फेडोरा १५ मध्ये, म्हणजे २०११ साली, तिचा उपयोग करून सेटयूआयडी प्रोग्राम कमी करण्याची मोहीम राबवण्यात आली.) डेबियनमध्ये मात्र हे काम बसवल्यानंतरच्या स्क्रिप्टवर येऊन पडले. आणि सेटकॅप ज्या पॅकेजमध्ये मिळते ते पिंगसाठी ‘असावे हे बरे’ एवढ्याच पायरीवर होते.

डेबियन १२ पर्यंतच्या पिंग पॅकेजमधील पोस्टइन्स्ट म्हणूनच वाचण्यासारखी आहे. ती प्रथम सेटकॅप आहे का ते पाहते. असेल तर केपेबिलिटी देण्याचा प्रयत्न करते, आणि तो सफल झाला तरच सेटयूआयडी खूण काढते. सेटकॅप असूनही फसले, तर ‘सेटकॅप फसले, सेटयूआयडीवर परत जात आहे’ अशा अर्थाची ओळ छापून जुनी खूण लावते. सेटकॅप मुळातच नसेल तर वेगळी ओळ छापते : ‘सेटकॅप बसवलेले नाही, सेटयूआयडीवर परत जात आहे.’ नसणे आणि फसणे या दोन गोष्टी येथे वेगळ्या ठेवल्या आहेत. त्यांची कारणेही वेगळी असतात. केपेबिलिटी फाइलच्या विस्तारित गुणधर्मांत साठवली जाते. ज्या फाइल प्रणालीवर ती साठवण्याची सोय नाही तेथे सेटकॅप हजर असूनही काही करू शकत नाही. पहिल्या प्रकारात पॅकेज बसवून प्रश्न सुटतो, दुसऱ्यात फाइल प्रणालीच पाहावी लागते. पडद्यावरची ओळ वाचणाऱ्याला हे कळले पाहिजे.

तरीही येथे एक गोम राहते. फॉन्टच्या बाबतीत अवजार नंतर आले की मागचे काम आपोआप पूर्ण होते. पिंगच्या बाबतीत तसे होत नाही. आज सेटकॅप नव्हते म्हणून सेटयूआयडी खूण लागली. उद्या सेटकॅप बसवले, तरी ते पिंगची विचारपूस करायला जात नाही. पिंगचे पॅकेज पुन्हा अद्ययावत होईपर्यंत, किंवा प्रशासकाने ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ चालवेपर्यंत, ती खूण तशीच. आणि ज्या लहान केलेल्या प्रतिमांत ‘रेकमेंड्स’ वगळले जातात, नेमक्या त्यांतच हा जुना, जास्त धोक्याचा पर्याय लागू होतो. पॅकेजे कमी ठेवली म्हणजे सुरक्षितता वाढली, या सरसकट समजुतीला हा एक छोटासा अपवाद म्हणता येईल.

याच धर्तीचे ‘वायरशार्क’ हे नेटवर्कवरील रहदारी पाहणारे सॉफ्टवेअर डेबियनमध्ये आणखी एक पाऊल पुढे जाते. रूट नसलेल्यांना पॅकेट पकडू द्यायची का, हा प्रश्न ते प्रशासकालाच विचारते, आणि न सांगता धरलेले उत्तर ‘नाही’ असे असते. जेथे दुसऱ्याची रहदारी वाचण्याचा अधिकार द्यायचा आहे, तेथे स्क्रिप्टने परस्पर निर्णय न घेणे हेच श्रेयस्कर.

‘काही झाले तरी ठीक’

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची एक आवडती पळवाट आहे. आज्ञेपुढे दोन उभ्या रेघा देऊन ‘ट्रू’ असे लिहायचे. म्हणजे आज्ञा फसली तरी फसली नाही असे समजून पुढे जायचे. आरपीएमच्या जगात ‘ट्रू’च्या जागी नुसते विसर्गासारखे चिन्ह देतात, परिणाम तोच. फॉन्टच्या सूचीसाठी हे खपते. परंतु हीच सवय लागून सेवेसाठी स्वतंत्र वापरकर्ता खाते उघडणाऱ्या ओळीलाही ती शेपटी लावली, तर पॅकेज ‘यशस्वीपणे’ बसेल आणि सेवा सुरू होताना खाते नाही म्हणून कोसळेल. प्रशासक मग सेवेच्या नोंदी चाळत बसतो. मूळ चूक तर बसवण्याच्या वेळी गिळून टाकलेली असते. असे खाते उघडणारी ‘ॲडयूजर’ युटिलिटी ऐच्छिक मानताच येत नाही. ती पहिल्या पायरीवर जाहीर करावी आणि फसल्यास पॅकेज अडावे, हेच बरोबर.

याच्या जोडीचा दुसरा सापळा अधिक फसवा आहे. ‘अमुक फाइल चालवण्याजोगी असेल आणि, तर ती चालव’ अशी एक ओळीची अट दोन ॲम्परसँड चिन्हांनी लिहिण्याची पद्धत आहे. ओळ वाचायला निर्दोष वाटते. स्क्रिप्टच्या मध्यावर असेल तर ती निर्दोष असतेही, कारण ‘सेट -ई’ अशा अटीवर थांबत नाही. पण तीच ओळ स्क्रिप्टची शेवटची ओळ असली आणि फाइल नसली, तर अटीचे ‘नाही’ हे उत्तर संपूर्ण स्क्रिप्टचा एक्झिट कोड होऊन बसते. युटिलिटी नसल्यास सोडून द्यावे म्हणून लिहिलेली ओळच युटिलिटी नसल्यामुळे पॅकेज पाडते. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर ती युटिलिटी असते, म्हणून चाचणीत हे दिसत नाही. ‘इफ’ आणि ‘फाय’ यांमध्ये अट मांडणे, किंवा शेवटी ‘एक्झिट शून्य’ अशी ओळ देणे, एवढाच इलाज.

आहे की नाही, हे कसे पाहावे?

अवजार आहे का हे पाहण्यासाठी वर्षानुवर्षे ‘विच’ ही आज्ञा वापरली गेली. नाव सांगितले की ती त्या प्रोग्रामचा पत्ता देते. गंमत अशी, की विच हा स्वतःच एक स्वतंत्र प्रोग्राम आहे आणि फेडोरा घराण्यातील किमान प्रतिमांत तो पुष्कळदा नसतो. मग ‘सेटकॅप आहे का?’ असे विचारणारी ओळ विच न सापडल्यामुळे फसते, आणि स्क्रिप्ट निष्कर्ष काढते की सेटकॅपच नाही. दारावर कोण आले आहे हे पाहायला पाठवलेला माणूसच हजर नव्हता, म्हणून दारावर कोणी नाही असे ठरवण्यातला हा प्रकार. याउलट ‘कमांड -व्ही’ ही सोय शेलच्या आतच असते आणि पॉझिक्स या मानकात तिची नोंद आहे. त्यामुळे स्क्रिप्टसाठी तीच भरवशाची.

डेबियनमध्ये या विषयाने २०२१ मध्ये चांगलाच रंग भरला. विच पुरवणाऱ्या पॅकेजच्या सांभाळकर्त्याने ती आज्ञा चालवताच ‘ही कालबाह्य होत आहे, कमांड -व्ही वापरा’ असा इशारा छापण्यास सुरुवात केली. तांत्रिकदृष्ट्या सल्ला बिनचूक होता. पण विच वापरणाऱ्या असंख्य स्क्रिप्ट्स आणि बांधणीच्या प्रक्रिया अनपेक्षित ओळ दिसल्याने गडबडल्या. प्रकरण प्रकल्पाच्या तांत्रिक समितीपुढे गेले. डेबियन १२ साठी विच मूलभूत पॅकेजांतूनच मिळत राहिले पाहिजे आणि त्याने असा इशारा छापू नये, असा निर्णय समितीने दिला. एवढ्याशा आज्ञेसाठी समिती बसावी याचे नवल वाटेल. परंतु जी आज्ञा इतरांच्या हजारो स्क्रिप्ट्समध्ये शिरली आहे, ती एकट्याची उरत नाही.

पूर्ण पत्ता लिहून फाइल आहे का ते पाहण्याची पद्धतही तितकीशी सुरक्षित नाही, कारण पत्ते बदलतात. फेडोराने एप्रिल २०२५ मधील ४२ व्या आवृत्तीत ‘एसबिन’ आणि ‘बिन’ या दोन जुन्या निर्देशिका एकत्र केल्या. डेबियनचे धोरण म्हणूनच सांगते की स्क्रिप्टमध्ये प्रोग्रामच्या नावापुढे सहसा पत्ता जोडू नये. शोधण्याचे काम ‘पाथ’वर सोपवावे. पाथ म्हणजे शेलने कोणत्या निर्देशिका धुंडाळायच्या याची यादी. ती तरी बरोबर हवी. जुलै २०१९ मध्ये आलेल्या डेबियन १० मध्ये ‘एसयू’ या आज्ञेचे वर्तन बदलले : तिने नुसते रूट होणाऱ्याला पूर्वीच्या वापरकर्त्याचीच पाथ मिळू लागली आणि तीत एसबिन निर्देशिका नसत. अनेकांना त्या वेळी डीपीकेजीने ‘अपेक्षित प्रोग्राम सापडत नाहीत’ असे सांगून काम करण्यास नकार दिला. प्रोग्राम संगणकावर होते. शोधणाऱ्याला वाट माहीत नव्हती. डीपीकेजी स्वतःला लागणारी मोजकी अवजारे आधीच तपासून थांबते, म्हणून बरे. तसे नसते तर कितीतरी स्क्रिप्ट्सनी ‘नाही’ असे समजून गुपचूप दुय्यम पर्याय निवडले असते.

आणि असणे म्हणजे चालणे नव्हे. सेवा सांभाळणाऱ्या ‘सिस्टिमडी’च्या बाबतीत हे ठळकपणे जाणवते. कंटेनरमध्ये ‘सिस्टिमसीटीएल’ ही आज्ञा फाइल म्हणून हजर असू शकते, पण संगणक सिस्टिमडीने सुरू झालेला नसल्यामुळे ती लगेच हात वर करते. कमांड -व्ही येथे ‘आहे’ असे सांगेल आणि पुढची ओळ फसेल. योग्य तपासणी वेगळी आहे : ‘रन’ निर्देशिकेत सिस्टिमडीची ‘सिस्टिम’ ही उपनिर्देशिका आहे का ते पाहणे. सिस्टिमडी चालू असतानाच ती असते. डेबियनची पॅकेज बांधणारी साधने आपोआप जोडतात त्या ओळींत हीच तपासणी केलेली आढळते. एखाद्या यंत्रावर दुसऱ्या यंत्रासाठीची प्रतिमा तयार होत असेल, तर प्रश्न आणखी गहन होतो, कारण तेथे सेवा सुरू केली तर ती प्रतिमा बनवणाऱ्याच्याच संगणकावर सुरू होईल. त्यासाठी डेबियनमध्ये ‘पॉलिसी-आरसी.डी’ नावाची छोटी फाइल ठेवता येते. तिने १०१ हा आकडा परत केला की कोणतीही सेवा सुरू करू नये, असा संकेत आहे.

जाताना

बसवतानाची काळजी घेणारेही काढतानाच्या स्क्रिप्टमध्ये चुकतात. पॅकेज समूळ काढले जात असताना पोस्टआरएम चालते तेव्हा ज्यांवर ते विसंबून होते ती पॅकेजे आधीच निघून गेलेली असू शकतात. मूलभूत पॅकेजांपलीकडे कशाचाही भरवसा या वेळी धरता येत नाही. पोस्टइन्स्टमध्ये जे अवजार हक्काचे होते, ते येथे ऐच्छिक होते. वापरकर्त्याची उत्तरे साठवणाऱ्या ‘डेबकॉन्फ’ची नोंद पुसण्यापूर्वी डेबकॉन्फची फाइल आहे का ते पाहावे, हा नियम त्यातूनच आला. सेवेचे वापरकर्ता खाते काढायचे का, यावर मतभेद आहेत. खाते काढले आणि त्याच्या मालकीच्या काही फाइली मागे राहिल्या, तर तोच क्रमांक पुढे दुसऱ्या सेवेला मिळून त्या फाइली तिच्या हाती जाऊ शकतात. त्यामुळे अनेक पॅकेजे खाते तसेच राहू देतात. अशा चुका हुडकण्यासाठी डेबियनमध्ये ‘पिउपार्ट्स’ नावाचे साधन आहे. ते पॅकेज एका रिकाम्या प्रणालीत बसवते, अद्ययावत करते, समूळ काढते आणि मागे काय उरले ते सांगते.

हाक न मारण्याचा मार्ग

गेल्या काही वर्षांत वारे उलट दिशेने वाहत आहे. प्रत्येक पॅकेजने अवजार शोधून त्याला हाक मारण्यापेक्षा अवजारानेच लक्ष ठेवावे, ही ती कल्पना. डेबियन ५.० (फेब्रुवारी २००९) पासून डीपीकेजीमध्ये ‘ट्रिगर’ची सोय आहे. फॉन्टची यंत्रणा ‘फॉन्ट निर्देशिकेत काही बदलले तर मला सांगा’ अशी नोंद करून ठेवते. फॉन्टच्या पॅकेजला काहीच करावे लागत नाही. ऐकणारा असेल तर ऐकेल, नसेल तर कोणाला हाक जाणारच नाही. वीस फॉन्ट एकदम बसवले तरी सूची वीसदा बांधली जात नाही, हा आणखी एक लाभ. आरपीएमनेही ४.१३ या आवृत्तीत (२०१६) फाइलवर आधारित ट्रिगर आणले. वापरकर्ता खात्यांसाठी स्क्रिप्टऐवजी नुसती घोषणा करणारी फाइल देण्याची पद्धत रूढ होत असून आरपीएम ४.१९ (२०२३) ती स्वतःच हाताळते. रूटच्या अधिकाराने चालणारी स्क्रिप्ट जितकी लहान, तितकी चूक होण्याची जागा कमी.

पिंगची ती वाचनीय स्क्रिप्टही आता इतिहासजमा झाली आहे. लिनक्स कर्नलच्या ३.० आवृत्तीत (२०११) कच्च्या पॅकेटच्या अधिकाराविनाही पिंग करता येईल असा वेगळा सॉकेट आला होता. कोणत्या गटांनी तो वापरायचा हे कर्नलमधील एका सेटिंगवर ठरते. ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ मध्ये पिंग याच मार्गाने चालते. सेटकॅपही नको आणि सेटयूआयडीही नको. मात्र ते सेटिंग सर्वांसाठी खुले करण्याचे काम ‘लिनक्स-सिस्सीटीएल-डिफॉल्ट्स’ या निराळ्या पॅकेजकडे सोपवलेले आहे. सर्वसाधारण मांडणीत ते येते. जुन्या आवृत्तीवरून चढवताना काही परिस्थितींत येत नाही, असे डेबियनच्या प्रसिद्धीपत्रिकेतच नमूद केले आहे. अशा यंत्रावर सामान्य वापरकर्त्याने पिंग चालवले की परवानगी नाकारली जाते. ते पॅकेज बसवले की काम सुरू होते.